इलेक्ट्रिक गाडी घेताना: फोन जोडणारी स्क्रीन बघायची की गाडीची स्वतःची सिस्टीम?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नेरूळला राहतात. नोकरी ठाण्यात, वागळे इस्टेटला. महिन्यातून दोनदा पुण्याला आईकडे जाणं होतं. ४५ युनिट (किलोवॅट-अवर) बॅटरीच्या दोन इलेक्ट्रिक गाड्या त्यांच्या मनात आहेत. पहिलीत फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारे कारप्ले (आयफोनचं) आणि अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनचं) दोन्ही वायरलेस आणि झकास चालतात, पण गाडीचा स्वतःचा नकाशा यथातथाच. दुसरीत गाडीचा नकाशा चार्जिंगच्या थांब्यांसकट रस्ता आखून देतो, मात्र फोन केबलनेच जोडावा लागतो आणि तोही मधूनच सुटतो. शोरूमवाल्याचं म्हणणं, "मॅडम, स्क्रीन मोठी आहे ती घ्या, बाकी सगळं पुढे अपडेटमध्ये येईल." तर कोणती घ्यावी?

मी ठाण्यात बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. कॅसेट प्लेअर काढून सीडी प्लेअर बसवायचो तेव्हापासून डॅशबोर्ड उघडतो आहे. गेली सहाएक वर्षं माझ्याकडे इलेक्ट्रिक गाड्याही येतात आणि हा प्रश्न आता आठवड्यातून दोन-तीन जण तरी विचारतात.

आधी शोरूमवाल्याचं. जे आज गाडीत चालताना दिसत नाही, त्याचे पैसे आज मोजू नका. अपडेट येतात, चांगलेही येतात, पण कुठला केव्हा येईल हे तुम्हाला गाडी विकणाऱ्या माणसाच्या हातात नसतं.

आता मूळ मुद्दा. कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. दोन्हींचं काम साधारण सारखंच. नकाशा, गाणी, फोन हे सगळं तुमच्या मोबाइलमध्येच चालू असतं. मोबाइल त्याचं चित्र गाडीच्या स्क्रीनवर पाठवतो आणि तुमचं बोट स्क्रीनवर कुठे लागलं ते गाडी मोबाइलला कळवते. वायरलेसमध्ये ओळख ब्लूटूथवर होते आणि चित्र वायफायवरून येतं. म्हणजे स्क्रीन गाडीची, डोकं फोनचं. याच्याशी गल्लत होणारं आणखी एक नाव आहे, अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह. ती फोनशिवाय गाडीतच चालणारी पूर्ण सिस्टीम, २०२० मध्ये पोलस्टार २ या गाडीत पहिल्यांदा आली. माहितीपत्रकात हे दोन शब्द दिसले तर कुठला लिहिला आहे ते नीट वाचा, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझं मत एका गोष्टीवर उभं आहे. फोन आपण तीन-चार वर्षांनी बदलतो, गाडी दहा-बारा वर्षं ठेवतो. म्हणून जे लवकर जुनं होतं ते फोनमध्ये असावं: नकाशा, ट्रॅफिक, गाणी, मराठीत बोलून पत्ता शोधणं. आणि ज्याला गाडीच्या पोटातलं कळावं लागतं ते गाडीत असावं: बॅटरी किती, ती किती तापली आहे, पोहोचेपर्यंत किती उरेल. पेट्रोलच्या गाडीत हा दुसरा भाग जवळजवळ नसतोच. काटा खाली आला की पंप शोधायचा, पाच मिनिटांत निघायचं. त्यामुळे पेट्रोलच्या गाडीबद्दल मी डोळे झाकून सांगायचो की फोन नीट जोडला जातो ना, मग बाकीचं सोडून द्या. इलेक्ट्रिकला ते सांगून चालत नाही.

गाडीत बसवलेली गोष्ट कशी म्हातारी होते याची दोन उदाहरणं, दोन्ही बाहेरच्या देशांतली. टेस्लाने २०२१ मध्ये अमेरिकेत जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स मिळून सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलावल्या. मधल्या स्क्रीनच्या मेमरी चिपवर सतत लिहून लिहून ती झिजत होती. चिप गेली की मागचा कॅमेरा दिसेना, काचेवरचं धुकं घालवायची बटणंही स्क्रीनवरच, तीही जायची. दुसरं उदाहरण निसान लीफचं. ब्रिटनमध्ये २०१६ च्या आधी बनलेल्या लीफ गाड्यांत टू-जी सिम होतं. तिथलं टू-जी बंद व्हायच्या मार्गावर आलं तसं निसानने एप्रिल २०२४ पासून या गाड्यांचं अ‍ॅप बंद केलं. गाडी ठणठणीत, बॅटरी चालू, पण घरात बसून चार्जिंग बघणं किंवा एसी लावणं संपलं. आपल्याकडच्या गाड्यांतही असंच सिम असतं. पहिली काही वर्षं त्याची सेवा फुकट असते, नंतर पैसे भरायचे. किती वर्षं फुकट आणि नंतर वर्षाला किती, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या.

मग कंपन्या स्वतःच्या सिस्टीमचा एवढा आग्रह का धरतात? जनरल मोटर्सने २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही. ही कंपनी २०१७ मध्ये आपल्या बाजारातून गेली, त्यामुळे तो निर्णय इथे थेट लागू नाही, पण कारण समजून घेण्यासारखं आहे. फोनने स्क्रीन ताब्यात घेतली की ग्राहक कुठे जातो, काय ऐकतो ही माहिती गाडीवाल्याच्या हाती उरत नाही आणि महिन्याची वर्गणीही लावता येत नाही. हा धंद्याचा भाग झाला. पण त्यांचा दुसरा मुद्दा खरा आहे आणि तो मी मान्य करतो: रस्ता आणि बॅटरी यांचा हिशेब एकाच ठिकाणी झाला तरच तो बरोबर होतो. बीकेसीला २०२५ मध्ये टेस्लाचं दालन उघडलं ते बघून आलेले लोक मला हेच सांगत होते. टेस्ला बरीच वर्षं कारप्लेशिवायच गाड्या विकत आली, आणि तिचं रस्ता आखणं चांगलं म्हणून लोकांनी ते चालवून घेतलं.

हा हिशेब म्हणजे काय ते तुमच्याच रस्त्यावर दाखवतो. नेरूळ ते पुणे धरा १२५ किलोमीटर. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या आसपास, एसी चालू, अशी गाडी किलोमीटरला साधारण १५५ वॅट-अवर खाते (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट). सपाट रस्ता असता तर साडेएकोणीस युनिट लागले असते. पण तुम्ही समुद्रसपाटीवरून निघता आणि खोपोलीनंतर घाट चढता. लोणावळा सहाशे मीटरच्या वर, पुणे साडेपाचशेच्या आसपास. माणसं आणि सामान धरून १,७०० किलोची गाडी ६०० मीटर उचलायला पावणेतीन युनिट लागतात, मोटरमधली गळती धरली की तीनच्या वर. म्हणजे जाताना साडेबावीस युनिट, ४५ च्या बॅटरीचा निम्मा हिस्सा. येताना उलटं. घाट उतरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते, त्याला रीजन म्हणतात. त्यामुळे त्यातला बराच भाग परत मिळतो, आणि तोच रस्ता साडेसतरा-अठरा युनिटांत, म्हणजे चाळीस टक्क्यांत होतो. दोन्ही मिळून नव्वद टक्के. आईकडे रात्रभर साध्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर गाडी लावता आली तर वाटेत थांबायची गरजच नाही. तिथे सोय नसेल तर येताना फूड मॉलला थांबणं आलंच.

आता फोनमधल्या नकाशाला यातलं काय ठाऊक असतं? अंतर ठाऊक असतं, ट्रॅफिक ठाऊक असतं. बॅटरी ६२ टक्के आहे हे ठाऊक नसतं. कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोला गाडीकडून बॅटरीचा आकडा मिळू शकतो, पण त्यासाठी गाडी बनवणाऱ्याने तशी सोय करून द्यावी लागते आणि ती मोजक्याच गाड्यांत आहे. त्यामुळे तुमच्या पहिल्या गाडीत फोनचा नकाशा तुम्हाला खालापूरला बिनधास्त घाटाकडे पाठवेल आणि शेजारी गाडीचा काटा घाटात भराभर उतरताना बघून तुमचा जीव वरखाली होईल. माझ्या एका गिऱ्हाइकाने पहिल्याच पुणे फेरीत अमृतांजन पुलाच्या जागेपाशी एसी बंद करून, काचा खाली करून गाडी चालवली. बॅटरी पुरेशी होती. काट्याने मागच्या वीस मिनिटांची चढण बघून पुढचा सगळा रस्ता तसाच धरला होता, एवढंच.

हीच गोष्ट तुमच्या दुसऱ्या गाडीलाही लागू होऊ शकते, म्हणून सावध करतो. "गाडीचा स्वतःचा नकाशा" आहे म्हणजे तो बॅटरीशी बोलतो असं नाही. काही गाड्यांत नकाशा फक्त नकाशा असतो. काहींत तो उरलेल्या रेंजचं एक वर्तुळ काढतो आणि वाटेतले चार्जर दाखवतो. फार थोड्या गाड्या चढ-उतार धरून सांगतात की पोहोचाल तेव्हा इतके टक्के उरतील. पारख सोपी आहे. टेस्ट ड्राइव्हला एकदा पुण्याचा पत्ता टाका आणि एकदा तेवढ्याच अंतरावरचं सपाटीवरचं ठिकाण टाका, नेरूळहून उत्तरेला पालघरच्या पुढचं चालेल. दोन्ही वेळा पोहोचतानाचे टक्के सारखेच आले, तर त्या सिस्टीमला घाट कळत नाही. टक्के दाखवलेच नाहीत, तर ती नुसती मोठी स्क्रीन आहे.

वेगवान चार्जरला पोहोचण्याआधी बॅटरी आपोआप गरम करून ठेवणारा नकाशा, हे परदेशी व्हिडिओंमध्ये फार कौतुकाने दाखवतात. तो थंड प्रदेशाचा प्रश्न. आपल्याकडे त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

बोगद्यात मात्र गाडीचा नकाशा उजवा ठरू शकतो. समृद्धीवर इगतपुरीचा बोगदा पावणेआठ किलोमीटरचा आहे. आत उपग्रह दिसत नाही. गाडीच्या सिस्टीमला चाकं किती फिरली, गाडी किती वळली हे कळत असतं, त्यामुळे ती अंदाजाने बाण पुढे सरकवत राहते. फोन नीट जोडलेला असेल आणि गाडी त्याला ही माहिती देत असेल तर त्यालाही जमतं, नुसता काचेला चिकटवलेला फोन मात्र गोंधळतो. ठाण्यात माजिवड्याला पुलावर आहोत की खाली यावरून होणारा घोळ हाही त्याच जातीचा.

पण चार्जरच्या बाबतीत फोनला पर्याय नाही. प्रत्येक कंपनीचं अ‍ॅप वेगळं, टाटा पॉवरचं वेगळं, जिओ-बीपीचं वेगळं, स्टॅटिकचं वेगळं. क्यूआर स्कॅन फोनने, पैसे फोनने. गाडीचा नकाशा चार्जर आहे एवढं सांगतो. तो चालू आहे का, त्याची गन (गाडीत लावायचा प्लग) मोकळी आहे का, हे त्या त्या अ‍ॅपमध्येच खात्रीने दिसतं. घाट चढायच्या आधी अ‍ॅप उघडून बघा. दोन-तीन कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये आधीच थोडे पैसे भरून ठेवा, फूड मॉलच्या गर्दीत ओटीपीची वाट बघत उभं राहायला नको.

आता एक प्रकार, जो मला सगळ्यांना सांगावासा वाटतो. मागच्या गणपतीनंतर घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतून रात्री आठला फोन आला. कुटुंब दहा दिवस कोकणात होतं, परत आले तर गाडी उघडेचना. ॲपवर शेवटचा आकडा बॅटरी ७८ टक्के. मी गेलो, किल्लीतल्या पात्याने दार उघडलं. आत सगळं काळंठिक्कर. मोठी बॅटरी भरलेली, पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी साफ उतरलेली. इलेक्ट्रिक गाडीत ही छोटी बॅटरीच आधी सगळ्यांना जागं करते. ती मेली की मोठीतले ७८ टक्के कामाचे नाहीत. तिला बाहेरून बारा व्होल्ट दिले, गाडी जागी झाली. मग कुलूप लावून अर्धा तास थांबलो आणि निगेटिव्हच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावला. झोपलेली गाडी काही मिलीअँपियर खाते. इथे चारशे मिलीअँपियर जात होते. एकेक गोष्ट काढत गेलो. डॅशकॅम काढला, शंभरेक कमी झाले. यूएसबीत एक आगपेटीएवढी डबी होती, केबलचं कारप्ले वायरलेस करणारी, बाजारातून घेतलेली. ती काढल्यावर आकडा धाडकन खाली आला. ती डबी फोन शोधत राहायची आणि त्या नादात गाडीची स्क्रीन पूर्ण झोपतच नव्हती. चारशे मिलीअँपियर म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपियर-अवर. चाळीसची बॅटरी चार दिवसांत संपते. काही गाड्या मोठ्या बॅटरीतून छोटीला मधूनमधून भरतात, सगळ्या भरत नाहीत.

हे सांगायचं कारण, तुमच्या दुसऱ्या गाडीत फोन केबलनेच जोडायचा आहे. गाडी घेतलीत की महिन्याभरात कुणीतरी ती डबी सुचवेल. घ्यायची तर घ्या, पण गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर काढून ठेवा. आणि डॅशकॅमची वायर अशा ठिकाणी घ्यायला सांगा जिथे गाडी बंद झाली की वीजही बंद होते.

केबलवरून फोन सुटतो म्हणता, त्याचं दहातल्या सात वेळा कारण केबलच असते. चार्जिंगची स्वस्त केबल डेटा धड नेत नाही. गाडीतही सगळे यूएसबी सारखे नसतात, एकच डेटाचा असतो, बाकी नुसते चार्जिंगचे. फोनबरोबर आलेली मूळ, आखूड केबल लावून पुन्हा बघा. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कापूस अडकलेला असतो, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. तरीही सुटत असेल तर दोष गाडीचा धरा. वायरलेसला वेगळं दुखणं असतं: वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवलेला फोन वायफायही चालवतो आणि चार्जही होतो, मे महिन्यात ठाणे-बेलापूर रोडवर दुपारी तो इतका तापतो की स्वतःच मंद पडतो. एसीचा झोत फोनवर येईल अशी जागा ज्या गाडीत असेल तिला माझ्याकडून एक गुण जास्त.

स्क्रीन बॅटरी खाते का, हेही विचारतात. पन्नास वॅट धरले तरी तासाभरात एक तृतीयांश किलोमीटरचं नुकसान. सोडून द्या.

एसीची बटणं मात्र नक्की बघा. ज्या गाडीत एसी पूर्ण स्क्रीनवर आहे, तिथे फोनचा नकाशा पसरला की पंखा कमी करायला आधी नकाशातून बाहेर पडावं लागतं. ऐरोली पुलावर ट्रकच्या मधोमध ती दोन सेकंदं फार असतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीची मधली स्क्रीन मे महिन्यात चालत्या गाडीत काळी पडली. गाडी धावत होती, पण एसी ना कमी होत होता ना वाढत होता. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणारी युरोपातली संस्था, युरो एनसीएपी, २०२६ पासून पूर्ण तारे देताना इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं आहेत का ते बघते. एसी त्या यादीत नाही, पण आपल्या हवामानात मी तो धरीन. स्टिअरिंगसमोर वेगाची वेगळी पट्टी असावी, एवढं तर हवंच.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर. रोजचं नेरूळ-वागळे येऊन-जाऊन पन्नास किलोमीटरच्या आसपास, तिथे तुम्हाला फोनचा ट्रॅफिक आणि गाणी लागणार, बॅटरीचा हिशेब नाही. पुणे महिन्यातून दोनदा, तोही एकच ओळखीचा रस्ता. चार फेऱ्यांत तुम्हाला स्वतःलाच कळेल की खालापूरला किती टक्के असले की निवांत जायचं. म्हणून मी पहिली गाडी घेईन. तुमचं फिरणं दर वेळी नव्या रस्त्यांवर असतं, आज नागपूर, उद्या गोवा, तर दुसरी सांगितली असती, पण वरच्या घाटाच्या पारखेत ती उतरली असती तरच.

पहिली घेण्याआधी एक काम करा. टेस्ट ड्राइव्हची गाडी तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, तुमच्या रोजच्या जागेवर नेऊन उभी करा. तिथे गाडीतल्या सिमला रेंज नसेल तर अ‍ॅप जुनाच आकडा दाखवत राहील, रात्री चार्जिंग तुटलं तरी तुम्हाला सकाळीच कळेल. विक्रेत्याला गाडी कुलूप लावून वर घेऊन या, त्याच्याच फोनवरून एसी चालू करायला सांगा आणि घरातल्या कुणाला तरी खाली गाडीपाशी उभं करा. एसी सुरू झाला का, किती वेळाने झाला, ते त्यांना विचारा.